समाजमाध्यमं, लिंगभाव आणि निवडणूक : नव्या पीएचडी संशोधकासाठी वाटाड्या

निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या महिला उमेदवाराच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया सलग वाचत गेलं की या विषयावर काम करावं असं अनेकांना वाटतं. संताप येतो आणि त्या संतापात अभ्यासाचं बीज असतंच. पण प्रबंध काही वर्षं चालतो. तेवढा काळ टिकायचं तर संतापाला नेमक्या प्रश्नाचं रूप द्यावं लागतं. या लेखात त्या वाटेवरची कामं क्रमाने मांडली आहेत: प्रश्न कसा बांधायचा, डेटा कुठून आणायचा, परवानग्या कधी घ्यायच्या, प्रतिक्रियांची वर्गवारी कशी करायची आणि हे करताना स्वतःला कसं जपायचं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर ती आडवी येणार आहे. समाजमाध्यमांवर जे लिहिलं गेलं तेवढंच आपल्या हाती लागतं. शिवीगाळीला कंटाळून जिने खातं बंद केलं, जिने प्रतिक्रिया बंद ठेवल्या, जिने हे सगळं बघून उमेदवारी अर्जच भरला नाही, तिची नोंद कुठल्याच फाइलमध्ये येत नाही. या विषयात बायकांचं असं गप्प होणं फार महत्त्वाचं आहे, आणि माझ्या मते तोच या छळाचा सगळ्यात मोठा राजकीय परिणाम आहे. म्हणून ही शांतता कशी मोजणार, याची सोय अभ्यासाच्या आराखड्यातच करून ठेवा. निवडणूक उरकल्यावर ती करता येत नाही.

पायरी १ : विषयातून प्रश्न काढा

'समाजमाध्यमं, लिंगभाव आणि निवडणुका' हा विषय झाला, प्रश्न अजून यायचा आहे. या तीन शब्दांत किमान चार वेगवेगळे अभ्यास दडलेले आहेत. स्त्री उमेदवार स्वतःची प्रतिमा कशी घडवतात, हा एक. त्यांच्यावर होणाऱ्या हल्ल्याचं स्वरूप काय असतं, हा दुसरा. मतदार स्त्रियांपर्यंत राजकीय मजकूर कोणत्या वाटेने पोचतो आणि त्या त्याचं काय करतात, हा तिसरा. आणि माध्यमाची रचनाच, म्हणजे कोणाला काय दिसावं हे ठरवणारे अल्गोरिदम आणि जाहिरातींची यंत्रणा, बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं वागवते का, हा चौथा. प्रत्येकाला वेगळा डेटा लागतो, वेगळी पद्धत लागते. चारही एका प्रबंधात कोंबले तर एकही धड होत नाही.

बहुतेकांचा ओढा दुसऱ्या प्रश्नाकडे असतो. तो घ्यायला हरकत नाही, पण घेण्याआधी तिसऱ्या आणि चौथ्याकडे एकदा नीट बघा. मतदार बाईकडे फक्त मोजायचं एक डोकं म्हणून पाहिलं जातं; तिच्या फोनवर काय येतं, ती कोणाशी त्यावर बोलते, काय पुढे पाठवते आणि काय मुद्दाम पाठवत नाही, हे विचारणारे थोडेच.

प्रश्न लिहून झाला की त्याला दोन कसोट्या लावा. पहिली: उत्तर 'नाही, असं काही घडत नाही' असं आलं तर माझ्याकडे लिहायला काही उरेल का? उरत नसेल, तर तुम्ही प्रश्नाऐवजी निष्कर्ष लिहून ठेवला आहे. दुसरी: मी मोजणार नेमकं काय आहे? उमेदवार, पोस्ट, प्रतिक्रिया, की प्रतिक्रिया देणारं खातं? हे एकक ठरलेलं नसलं की पुढे एका प्रकरणात उमेदवारांची टक्केवारी येते, दुसऱ्यात प्रतिक्रियांची, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही.

लिंगभाव म्हणजे फक्त बायका, असंही धरू नका. पुरुष उमेदवाराने छाती पुढे काढून केलेला प्रचार, त्याच्या 'मर्दपणा'वर विरोधकांनी घेतलेली शंका, पारलिंगी उमेदवारांना मिळणारी वागणूक, हे सगळं याच विषयात येतं. शिवाय बाई म्हणून होणारा हल्ला आणि तिचा वंश, धर्म, जात किंवा वर्ग धरून होणारा हल्ला बहुतेक वेळा एकाच वाक्यात येतात. अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली मांडलेली आंतरछेदितेची, म्हणजे असे भेदभाव एकमेकांत गुंतलेले असतात ही, कल्पना इथे फार कामाची आहे, पण ती प्रस्तावनेत उद्धृत करून सोडून देण्यासाठी नव्हे. तुमच्या कोडबुकमध्ये, म्हणजे कोणत्या प्रतिक्रियेला कोणता कोड (वर्गाची खूण) द्यायचा याच्या नियमांत, ती दिसली पाहिजे. एका प्रतिक्रियेला एकाहून जास्त कोड देता येतील अशी सोय नसेल, तर आंतरछेदिता तुमच्या अभ्यासात नाहीच.

पायरी २ : तीन दिशांनी वाचा

राज्यशास्त्र, स्त्री अभ्यास आणि संगणकीय समाजशास्त्र, या तिन्हींकडून वाचन करा. प्रत्येकीची भाषा वेगळी आणि गृहीतकंही वेगळी. मार्गदर्शक यांपैकी एकाच विषयाचे असतील तर उरलेल्या दोन विषयांतलं एकेक माणूस सल्लागार समितीत असावं, यासाठी सुरुवातीलाच आग्रह धरा. वाचलेलं पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात नोंदवत चला.

एवढं एक मात्र लक्षात ठेवून वाचा: पडद्यावरचा छळ आणि पडद्याबाहेरचा छळ ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. बोलिव्हियात २०१२ च्या मार्चमध्ये हुआना किस्पे या नगरसेविकेची हत्या झाली. त्याआधी त्यांच्यावर राजीनाम्यासाठी दबाव होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्या देशाने स्त्रियांचा राजकीय छळ आणि हिंसा यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, कायदा क्रमांक २४३. धमकी कागदावर आली, फोनवर आली की इनबॉक्समध्ये आली, तिचा हेतू एकच असतो: हिने इथून निघून जावं. हा हेतू ध्यानात ठेवून वाचलं की ऑनलाइन मजकुरात काय शोधायचं ते जास्त स्पष्ट होतं.

पायरी ३ : मतदानाच्या तारखेपासून उलटं मोजा

प्रयोगशाळेतला प्रयोग पुढच्या महिन्यावर ढकलता येतो, निवडणूक ढकलता येत नाही. म्हणून वेळापत्रक मतदानाच्या दिवसापासून मागे बांधत या. डेटा गोळा करणं प्रचार सुरू होण्याच्या बरंच आधी चालू हवं, कारण 'नेहमीचे दिवस' कसे असतात हे माहीत नसेल तर प्रचारात काय बदललं ते सांगता येणार नाही. त्याच्या आधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची (माणसांविषयीच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची) मंजुरी हवी, आणि तिला काही महिने लागू शकतात. त्याच्याही आधी चाचणी अभ्यास. एखादी पोटनिवडणूक किंवा स्थानिक निवडणूक यासाठी उत्तम. तिच्यात तुमची डेटा गोळा करण्याची पद्धत, कोडबुक आणि धीर, तिन्हींची परीक्षा होते.

निकालानंतरचे काही आठवडेही धरा. हरलेल्या उमेदवारांवर त्या दिवसांत काय येतं, आणि जिंकलेल्या बाईच्या पोस्टखाली श्रेय कोणाला दिलं जातं, हे बघण्यासारखं असतं.

पायरी ४ : डेटा कुठून येणार ते ठरवा, आणि दुसरी वाट तयार ठेवा

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे डेटा हवा तेव्हा मिळतो. ट्विटरने २०२१ च्या जानेवारीत शैक्षणिक संशोधकांसाठी मोफत आणि उदार एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट डेटा मागवण्याचं साधन, खुलं केलं. २०२३ मध्ये ते बंद पडलं आणि विकतच्या योजना आल्या. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या सार्वजनिक पोस्टी बघण्यासाठी संशोधक आणि पत्रकार वर्षानुवर्षं वापरत असलेलं क्राउडटँगल मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केलं. त्याच्या जागी मेटा कंटेंट लायब्ररी आहे. तिच्यासाठी संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो आणि काम त्यांच्या सुरक्षित संगणकीय कक्षातच करावं लागतं. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टच्या ४० व्या कलमात मोठ्या माध्यमांनी संशोधकांना डेटा द्यावा अशी तरतूद आहे. तुमची संस्था किंवा एखादा सहकारी त्या चौकटीत बसतो का ते जरूर तपासा.

या सगळ्याचा अर्थ एवढाच की तुमचा प्रश्न एकाच माध्यमाच्या एकाच एपीआयवर लटकलेला नसावा. आराखड्यात पहिली वाट आणि तिच्या शेजारी दुसरी वाट, दोन्ही लिहून ठेवा.

यूट्यूबचं एपीआय नवख्यासाठी चांगली सुरुवात आहे. त्याचा ठरावीक दैनिक कोटा १०,००० एककांचा आहे आणि शोधाची एक विनंती त्यातली १०० एककं खाते. म्हणजे नुसता शोध करत बसलात तर शंभर विनंत्यांत दिवस संपला. त्यापेक्षा उमेदवारांच्या आणि पक्षांच्या चॅनेलची यादी हाताने बनवा, त्या चॅनेलच्या व्हिडिओंची यादी मागवा आणि मग प्रतिक्रिया मागवा. या विनंत्यांना एकेकच एकक लागतं. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं फोरकॅट हे मोफत साधन बघा. डेटा गोळा करणं आणि प्राथमिक विश्लेषण, दोन्ही त्यात होतं.

राजकीय जाहिरातींसाठी मेटाची जाहिरात लायब्ररी आहे. ती २०१८ पासून सुरू आहे आणि तिच्यात जाहिरात कोणत्या वयाच्या, किती स्त्रियांना आणि किती पुरुषांना दिसली याचं प्रमाण मिळतं. लिंगभावाच्या अभ्यासकासाठी हा खजिना आहे, पण दोन अडचणींसह. खर्च आणि पोच नेमक्या आकड्यात मिळत नाहीत, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशा पट्ट्यात मिळतात. त्यांची बेरीज करताना खालची आणि वरची मर्यादा दोन्ही सांगा. दुसरी अडचण अधिक खोल आहे. एखादी जाहिरात पुरुषांनाच जास्त दिसली तर ती उमेदवाराने पुरुषांना उद्देशून दिली होती म्हणून, की माध्यमाच्या यंत्रणेने आपणहून त्यांच्याकडे वळवली म्हणून? लायब्ररी बघून हे कळत नाही. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी नोकऱ्यांच्या जाहिराती स्त्री-पुरुष असा भेद न करता दिल्या होत्या. तरी लाकूडतोडीच्या कामाची जाहिरात पाहणाऱ्यांत पुरुष ९० टक्क्यांपर्यंत गेले आणि सुपरमार्केटमधल्या कॅशियरच्या जाहिरातीत स्त्रिया ८५ टक्क्यांपर्यंत. राजकीय जाहिरातींबद्दल लिहिताना हा प्रयोग विसरू नका. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून मेटाने युरोपीय संघात राजकीय जाहिराती घेणं थांबवलं आहे, तेव्हा देशादेशांची तुलना करणार असाल तर काळ जपून निवडा.

आता गोळा करण्याच्या वेळेबद्दल. निवडणूक संपल्यावर मागे जाऊन प्रतिक्रिया उतरवल्या तर सगळ्यात वाईट मजकूर तोवर निघून गेलेला असतो. काही माध्यमाने काढलेला, काही लिहिणाऱ्याने, काही उमेदवाराच्या कार्यकर्त्यांनी. तुमच्या हाती झाडून-पुसून ठेवलेलं घर येतं आणि तुम्ही लिहिता की तिथे फारसा कचरा नव्हता. म्हणून त्याच पोस्टींची दोनदा नोंद घ्या, एकदा प्रचार चालू असताना आणि एकदा काही आठवड्यांनी. दोन्हींतला फरक हा स्वतंत्र निष्कर्ष ठरू शकतो. मात्र काही माध्यमांच्या अटींनुसार, मूळ जागेवरून काढलेली पोस्ट तुमच्या संग्रहातूनही काढावी लागते. त्यामुळे किती आणि कोणत्या प्रकारचा मजकूर नाहीसा झाला याची मोजदाद ठेवा, मजकूर ठेवू नका. आणि प्रत्येक नोंदीसोबत ती कधी उतरवली त्याची तारीख-वेळ हवीच.

पायरी ५ : नीतिमत्ता समितीकडे डेटा गोळा करण्याआधी जा

'सार्वजनिक आहे, मग परवानगी कशाला?' हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, कदाचित तुमच्या विभागातूनच. उत्तर असं: उमेदवार सार्वजनिक व्यक्ती आहे, तिच्या पोस्टखाली दोन ओळी लिहिणारी मतदार नाही. तिने त्या ओळी एका पोस्टखाली लिहिल्या, तुमच्या प्रबंधात छापल्या जाव्यात म्हणून नव्हे. तिची राजकीय मतं तर विशेष नाजूक माहिती आहे. युरोपचा २०१८ पासून लागू झालेला डेटा संरक्षण नियम राजकीय मतांना वेगळ्या संरक्षित गटात ठेवतो. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ पासून नीतिमत्तेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि पुढे दोनदा त्या नव्याने लिहिल्या आहेत. अर्ज लिहिण्याआधी त्या वाचा.

रोजच्या कामातले नियम साधे आहेत. सामान्य वापरकर्त्याचं वाक्य जसंच्या तसं छापू नका, कारण शोधयंत्रात टाकलं की माणूस सापडतो. अर्थ तोच ठेवून शब्द बदला आणि बदललेलं वाक्य स्वतः शोधून बघा. खात्यांची नावं आणि मजकूर वेगवेगळ्या, कुलूपबंद फाइलींत ठेवा. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या खासगी गटात ओळख लपवून शिरू नका; गटातल्या बायकांनी तुमच्यावर विश्वास टाकून आपणहून काही दाखवलं तर तेवढंच वापरा, तेही संमती घेऊन. हल्ला झालेल्या बाईचे विद्रूप केलेले किंवा बनावट फोटो-व्हिडिओ साठवण्याचा तर प्रश्नच येऊ नये. 'असा मजकूर होता' ही नोंद आणि त्याचं थोडक्यात वर्णन पुरतं.

पायरी ६ : कोडबुकवर सगळ्यात जास्त वेळ द्या

प्रबंधाची खरी मेहनत इथे आहे. कोडबुक म्हणजे कोणत्या प्रतिक्रियेला काय म्हणायचं याचे लेखी नियम. सुरुवातीला वाटतं की शिवी ओळखायला नियम कशाला हवेत. शिवी ओळखू येतेच. अडतं ते इतर ठिकाणी.

'तुमच्या पाणी योजनेचा हिशेब द्या' ही टीका आहे आणि लोकशाहीत ती हवीच. 'हिशेब तुमच्या नवऱ्याने शिकवला का?' हीही वरकरणी योजनेवरची टीका आहे, पण तिचा नेम वेगळा आहे. 'एवढी कणखर असून किती मायाळू!' हे कौतुक आहे. तरी बाईने कणखर असणं म्हणजे आश्चर्यच, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. 'मुलांना कोणाकडे ठेवून आलात?' यात एकही वाईट शब्द नाही. तुमचं कोडबुक फक्त शिव्या मोजत असेल तर हे चारही एका रकान्यात, 'निरुपद्रवी' म्हणून जमा होतील.

मी विद्यार्थ्यांना एक चाचणी सुचवते. त्या वाक्यात पुरुष उमेदवाराचं नाव घालून वाचा. वाक्य तसंच कोणी लिहील का? नसेल, तर लिंगभावाचा कोड विचारात घ्या. ही चाचणी अचूक नाही. पुरुषांवरही त्यांच्या पुरुषपणावरून हल्ले होतात आणि ते या चाचणीतून निसटतात. पण चर्चा सुरू करायला ती चांगली आहे.

रकाने निदान एवढे तरी वेगळे ठेवा: धोरणावरची टीका, पात्रतेवर शंका, रूप आणि कपडे, कुटुंब आणि मातृत्व, चारित्र्य, लैंगिक मजकूर, हिंसेची धमकी, आणि धर्म, जात, वंश यांवरून केलेला हल्ला. तीव्रता वेगळ्या रकान्यात. २०१९ च्या भारतीय लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने ९५ स्त्री राजकारण्यांचा उल्लेख असलेल्या १,१४,७१६ ट्वीटचा अभ्यास केला, तेव्हा 'आक्षेपार्ह' आणि 'शिवीगाळ' असे दोन स्तर केले होते. दोन्ही मिळून १३.८ टक्के भरले, पण त्यातला शिवीगाळीचा भाग तुलनेने लहान होता. स्तर वेगळे नसते तर एकच ढोबळ आकडा हाती राहिला असता, आणि त्या आकड्याने काय सहन करावं लागतं याचं चित्र एक तर फुगलं असतं किंवा पुसट झालं असतं.

किमान दोन जणांनी, एकमेकांशी न बोलता, त्याच प्रतिक्रियांना कोड द्यावेत आणि जुळणी मोजावी. क्रिपेनडॉर्फचा अल्फा, म्हणजे ही जुळणी सांगणारा आकडा, ०.८०० च्या वर असला की निर्धास्त राहा; ०.६६७ ते ०.८०० मध्ये निष्कर्ष बेताने मांडा. त्याखाली असेल तर कोडबुक पुन्हा लिहा. मतभेद झाला की लगेच मतदानाने मिटवू नका. एक कोडर पुरुष आणि एक स्त्री असेल, किंवा एकाला त्या भागातली बोली माहीत असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर मतभेद कुठे होतात तेच लिहून ठेवण्यासारखं असतं.

यंत्राकडून वर्गवारी करून घेण्याचा मोह होईल आणि लाखो प्रतिक्रिया असतील तर दुसरा मार्गही नाही. पण शिवीगाळ ओळखणारी बरीचशी प्रणाली प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर घडवलेली आहे. भाषा दुसरी असली, लिपी रोमन असली, दोन भाषांची सरमिसळ असली की तिचा अंदाज ढळतो, आणि टोमणा तर तिला क्वचितच कळतो. आधी हाताने कोड केलेला संच तयार करा, त्यातला एक भाग यंत्रापासून लपवून ठेवा आणि शेवटी त्यावरच तपासा. यंत्राने जे पकडलं त्यातलं बरोबर किती, आणि जे पकडायला हवं होतं त्यातलं निसटलं किती, हे दोन्ही सांगा. ही तपासणी स्त्री आणि पुरुष उमेदवारांसाठी वेगवेगळी करा. यंत्र बायकांवरचे टोमणे जास्त चुकवत असेल, तर तुमची स्त्री-पुरुष तुलना मुळातच कललेली असेल. चॅटजीपीटीसारखी भाषिक प्रारूपं वापरलीत तर आवृत्ती, तारीख आणि दिलेली सूचना शब्दशः नोंदवा. आणि ओळख पटेल असा मजकूर समितीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या सेवेला पाठवू नका.

पायरी ७ : आकड्यांना भागायला शिका

'अमुक बाईंना दहा हजार शिव्या आल्या' हे वाक्य अर्धवट आहे. किती प्रतिक्रियांपैकी? किती खात्यांकडून? त्यांच्याच पक्षातल्या, तेवढेच अनुयायी असलेल्या, तेवढ्याच चुरशीच्या जागेवर लढणाऱ्या पुरुषाला किती? कॅनडा आणि अमेरिकेतल्या राजकारण्यांवरच्या २०१९ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं की स्त्रियांना पुरुषांहून जास्त असभ्य मजकूर येतो तो त्यांची प्रसिद्धी वाढते तेव्हा. प्रसिद्धी हिशेबात धरली नसती तर हा फरक झाकला गेला असता.

सरासरीपासून सावध राहा. ॲम्नेस्टीने २०१७ मध्ये ब्रिटनच्या स्त्री खासदारांना उद्देशून आलेली ट्वीट तपासली. त्या वर्षीच्या निवडणुकीआधीच्या सहा आठवड्यांत सगळ्या शिवीगाळीपैकी ४५.१४ टक्के एकट्या डायान ॲबट यांच्या वाट्याला आली होती. त्या ब्रिटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री खासदार. अशा ठिकाणी 'दर खासदारामागे इतकी ट्वीट' असा आकडा काढला तर इतर सगळ्यांचा त्रास मोठा दिसतो आणि ॲबट यांचा नाहीसा होतो. मध्यक सांगा, वितरण दाखवा आणि टोकाच्या व्यक्तीवर स्वतंत्र लिहा.

मतांवर परिणाम झाला, असा दावा मात्र लाइक आणि शेअर मोजून करू नका. तो सिद्ध करायला काय लागतं ते २०१० सालच्या एका प्रयोगातून कळतं. अमेरिकेतल्या संसदीय निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर ६ कोटी १० लाख लोकांना यादृच्छिक गटांत विभागून मतदानाचा संदेश दाखवला गेला, आणि पुढे अनेकांच्या बाबतीत मतदानाच्या सरकारी नोंदींशी पडताळणी केली गेली. मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे दाखवणाऱ्या संदेशाने मतदान ०.३९ टक्क्यांनी वाढलं, नुसत्या माहितीच्या संदेशाने जवळपास काहीच नाही. इतका प्रचंड प्रयोग आणि एवढा लहान परिणाम. तुमच्याकडे अशी रचना नसेल तर 'संबंध दिसतो' एवढंच म्हणा.

पायरी ८ : गप्प झालेल्यांपर्यंत पोचा

सुरुवातीला म्हटलेल्या शांततेसाठी दोन वाटा आहेत. पहिली मोजण्याची. उमेदवार बाई आठवड्याला किती पोस्ट करते, मोठ्या हल्ल्यानंतर ते प्रमाण घटतं का, विषय बदलतात का, प्रतिक्रिया कोणत्या तारखेला बंद झाल्या, खातं कधी खासगी झालं, याची साप्ताहिक नोंद एका तक्त्यात ठेवा. पुरुष उमेदवारांसाठीही तोच तक्ता भरा. काम कंटाळवाणं आहे, पण मागे जाऊन ते करणं जवळपास अशक्य.

दुसरी वाट मुलाखतींची, आणि तिला पर्याय नाही. आंतरसंसदीय संघाने, म्हणजे जगभरच्या संसदांच्या संघटनेने, २०१६ साली ३९ देशांतल्या ५५ स्त्री खासदारांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. ८१.८ टक्के जणींनी मानसिक हिंसा सोसली होती, ४४.४ टक्के जणींना खुनाच्या, बलात्काराच्या, मारहाणीच्या किंवा अपहरणाच्या धमक्या आल्या होत्या. ५५ हा आकडा जगभरच्या खासदारांसाठी सरासरी काढायला पुरेसा नाही, पण या बायकांनी जे सांगितलं ते कोणत्याही एपीआयमधून आलं नसतं.

प्रचार चालू असताना मुलाखत मागू नका. निकालानंतर थोडा काळ जाऊ द्या. फक्त जिंकलेल्यांना भेटू नका. हरलेल्या, माघार घेतलेल्या, आणि पक्षाने विचारलं तरी नाही म्हणालेल्या बायका शोधा. त्यांची यादी कुठे छापलेली नसते, एकीने दुसरीचं नाव सांगितलं तरच पुढे जाता येतं.

खातं कोण चालवतं हे प्रत्येकीला विचारा. अनेक उमेदवारांची खाती कार्यकर्ते, नातेवाईक किंवा भाड्याने घेतलेली टीम चालवते. मग 'स्त्री उमेदवाराची भाषा' म्हणून तुम्ही जे विश्लेषण केलं ती कदाचित एखाद्या तरुण कार्यकर्त्याची भाषा असेल. आणि शिव्या पहिल्यांदा वाचणारी व्यक्तीही तीच, बहुतेक वेळा तिला कोणी विचारत नाही. तिची मुलाखत जरूर घ्या.

मुलाखतीत ती बाई थांबली तर थांबू द्या. रेकॉर्डिंग बंद करायची तयारी ठेवा. मदतीसाठी कुठे जाता येईल याची तिच्या भागातली यादी सोबत असू द्या, आणि दिलेली मुलाखत ठरावीक तारखेपर्यंत मागे घेता येईल हे लेखी द्या.

पायरी ९ : स्वतःला जपा, आणि हे आराखड्यात लिहा

दिवसचे दिवस बलात्काराच्या धमक्या वाचून माणसावर परिणाम होतो. तो कमकुवतपणा नाही, कामाचा धोका आहे आणि त्याला धोक्यासारखंच हाताळलं पाहिजे. कोडिंगचे तास ठरवून घ्या, रात्री झोपण्याआधी ते काम करू नका, व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघा, चित्रं लहान आणि कृष्णधवल करून बघा. आठवड्यातून एकदा सहकोडरशी फक्त याविषयी बोला. मदतनीस विद्यार्थी घेत असाल तर त्यांना आधीच सांगा की काय वाचायला लागणार आहे, आणि मधूनच सोडून जाण्याची मोकळीक द्या.

ट्रोलिंग संशोधकावरही येतं, विशेषतः संशोधक बाई असेल आणि निष्कर्ष एखाद्या पक्षाला झोंबणारे असतील तेव्हा. संशोधनासाठी वेगळं खातं, वेगळा ईमेल. घरचा पत्ता आणि फोन नंबर इंटरनेटवर कुठे दिसतो ते शोधून काढून टाका. सगळीकडे दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. तुमच्यावर हल्ला झाला तर विभागातून कोण बोलेल, तक्रार कोणाकडे जाईल, हे मार्गदर्शकांशी बोलून कागदावर घ्या. प्रकरण पेटल्यावर हे ठरवायला वेळ मिळत नाही.

पायरी १० : लिहिताना आणि जमा करताना

प्रबंधात शिव्यांचे नमुने किती छापायचे? अजिबात नाही म्हटलं तर वाचणाऱ्याला तीव्रता कळत नाही. पानंच्या पानं छापली तर हल्ला करणाऱ्याचं काम तुम्ही पुढे नेता. प्रत्येक प्रकाराला एखादं उदाहरण, तेही बदललेल्या शब्दांत आणि ज्या बाईबद्दल आहे तिचं नाव न जोडता, हे प्रमाण मला योग्य वाटतं. जिच्यावर हल्ला झाला तिचं नाव घेणं आवश्यकच असेल तर आधी तिला विचारा.

कोडबुक, विश्लेषणाचा कोड आणि एकत्रित आकडे खुले करा, म्हणजे पुढच्या निवडणुकीत दुसरं कोणी तीच पद्धत वापरून तुलना करू शकेल. मूळ मजकूर आणि मुलाखती मर्यादित प्रवेशाच्या संग्रहात ठेवा, आणि त्या कधी नष्ट होणार ती तारीख समितीला दिलेल्या अर्जात असते तीच पाळा. व्हायवाच्या (प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेच्या) आधी मुलाखत दिलेल्या प्रत्येकीला तिच्या भाषेत दोन पानांचा सारांश पाठवा. तिला त्यात आपली ओळख उघड होतेय असं वाटलं तर तो भाग प्रबंधातून काढायला तुमच्या हाती अजून वेळ असतो.